उठलेला स्फटिक

‘दाब त्याला खाली,’ सर म्हणाले.

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले नाहीत. मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच काहीतरी चुकलं.

‘सर, उठलाय तो. अगदी काटकोनात. चार तारांवर नुसता लोंबकळतोय.’

‘दिसलं मला. बाहेर काढताना धक्का लागला असेल. काडी घे आणि दाब, तारा तुटायच्या आत.’

तो म्हणजे तिळाएवढा एक काळा, चपटा स्फटिक. त्याच्या चार कोपऱ्यांना केसाहून बारीक सोन्याच्या तारा चिकटवलेल्या. त्या मीच चिकटवल्या होत्या. आमच्या विभागात हे काम माझ्याशिवाय कुणाला धड जमत नसे. मी हुपरीची, चांदीच्या गावातली. वयाच्या नवव्या वर्षापासून आप्पांच्या शेजारी बसून पैंजणाच्या कड्या जोडलेल्या. पुण्याला पीएचडीला आले तेव्हा खासनीस सर येईल त्या पाहुण्याला सांगायचे, ‘आमच्या वैजयंताचे हात म्हणजे पिढीजात.’ मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटायचं. मूर्ख होते, दुसरं काय!

थोडं विज्ञान सांगावं लागेल, नाहीतर मी कशावर एवढी चिडले ते कळायचं नाही. काही पदार्थ पुरेसे गार केले की त्यांच्यातून वीज बिनअडथळा वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. चुंबक त्यांचा वैरी. जोराचं चुंबकीय क्षेत्र लावलं की त्यांचा तो गुण मरतो. मग लोखंड असलेले अतिवाहक निघाले आणि भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. लोखंडाचं आणि चुंबकाचं सूत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे लोखंडातून असलं काही निघेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि निघालं ते इतकं चिवट, की चुंबकानं कितीही झोडपलं तरी लवकर मरेना.

आमचा स्फटिक अभ्रकासारखा पापुद्र्यांचा होता. चुंबकाचं क्षेत्र पापुद्र्यांच्या बाजूनं, म्हणजे समांतर लावलं तर तो जास्त तग धरतो. पापुद्र्यांच्या आरपार लावलं तर कमी. किती कमी? फरक मोठा आहे, की नाहीच? सगळा वाद एवढाच. सरांचं म्हणणं, फरक नाहीच. दुसऱ्या जातीच्या स्फटिकात बाहेरदेशी कुणाला तसं दिसलं होतं, म्हणून सरांना आमच्यातही तसंच हवं होतं. एका परदेशी परिषदेला त्यांनी तसा सारांश पाठवूनही दिला होता. मोजायच्या आधी!

आमच्याकडे चौदा टेस्लाचा चुंबक होता. फ्रिजच्या दारावर चिकटवतो त्या चुंबकाच्या हजारो पट. आधी समांतर मोजलं, मग स्फटिक ग्रीसवर आडवा बसवून आरपार मोजलं. आलेखातल्या दोन्ही रेषा एकीवर एक आल्या. सरांनी शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. आणि आता स्फटिक ज्यावर बसवतात ती दांडी चुंबकातून बाहेर काढून बघते, तर आडवा बसवलेला स्फटिक उभा! म्हणजे आरपार मोजतोय असं आम्ही समजत होतो, तेव्हा चुंबकाच्या जोरानं हा गडी वळला होता आणि पापुद्रे क्षेत्राच्या दिशेला करून आरामात उभा राहिला होता. दोन्ही वेळा आम्ही एकच दिशा मोजली होती. मग रेषा सारख्या येतील नाहीतर काय होईल?

‘धक्का नाही लागलेला, सर,’ मी म्हटलं. ‘ग्रीसचा डाग बघा. कपची उडालीय. बाहेर आल्यावर सुटला असता तर ग्रीसला तार आली असती. हा गोठलेल्या ग्रीसवरून सुटलाय. आत असताना, क्षेत्र चालू असताना.’

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. नक्षी कोरायचा दागिना लाखेत बसवतात. लाख गरम असताना उचलला तर तार येते, गार झाल्यावर सुटला तर कपची उडते. आमच्या गल्लीतलं कुठलंही पोर हे सांगेल.

सर हसले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेच तर त्यांचं हत्यार होतं. ‘बाळ, ही प्रयोगशाळा आहे, सराफकट्टा नाही. गार करायचं हेलियम संपलंय. पुढचं महिनाभरानं येणार. आणि पुढच्या गुरुवारी इंगवलेची तोंडी परीक्षा आहे. मला तिथं हा आलेख दाखवायचाय.’

नागनाथ इंगवले. तो स्फटिक त्यांचाच होता. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर शिकवायचे, म्हणजे शिकवलं तेवढ्या तासांचे पैसे आणि मे महिन्यात घरी हरी हरी. अशी अकरा वर्षं. भट्टी स्वतःच्या हातानं बांधलेली, त्यात वर्षभर खपून हे स्फटिक वाढवलेले. दुसऱ्या एका संस्थेत रांग लावून चार दिवस मिळाले, तेवढ्यात आठ टेस्लापर्यंत मोजून त्यांनी प्रबंध लिहिला. दोन दिशांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, असं त्यांचं म्हणणं. खासनीस सर त्यांचे बाहेरचे परीक्षक. सरळ मनाचा माणूस. आपले तीन स्फटिक त्यांनी आपण होऊन सरांना धाडले, ‘पडताळून पाहावेत’ म्हणून. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल एका छोट्या पत्र्याच्या डबीत, डबीवर कागद चिकटवून नाव आणि फोन नंबर. सोबत चिठ्ठी होती. अकरा वर्षांनी कॉलेजात एक कायम जागा निघालीय, जूनमध्ये मुलाखत आहे, तोवर पदवी हातात पडली तर आपलं काम होईल, असं त्यात लिहिलं होतं. ती मीच सरांना वाचून दाखवली होती.

तर हे सगळं ठाऊक असताना मी काडी घेतली आणि दाबला. जिवंत काहीतरी दाबतोय असं वाटलं. टचकन बसला खाली.

‘नोंद कर,’ सर म्हणाले.

मी नोंदवहीत लिहिलं: ‘मोजणीनंतर स्फटिक सपाट.’ खाली सही, तारीख. आज हे लिहितानाही माझ्या कानशिलांना आग लागते.

पुढचे आठ दिवस मी तोंडात मूग गिळून बसले. का? सांगते, आता लपवून काय करायचंय. माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं सरांच्या टेबलावर पडली होती. चार वर्षं झाली होती आणि पुढचं सगळं त्यांच्या एका सहीवर अडलेलं होतं. मी रोज ती पत्र्याची डबी बघायची. दोनदा फोन हातात घेतला, नंबर अर्धा लावला आणि ठेवून दिला. रविवारी आप्पांना मात्र लावला.

‘आप्पा, मालकानं सांगितलं म्हणून कारागिरानं खोटा माल केला, तर दोष कुणाचा?’

‘हात कुणाचा?’

‘कारागिराचा.’

‘मग इच्यारतीस कशाला?’ आप्पा म्हणाले, आणि आईला फोन देऊन दुकानात निघून गेले.

तरी मी काही केलं नाही.

गुरुवारी पहाटे आम्ही गाडीनं निघालो. सर मागे, मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर त्यांची बॅग, आत लॅपटॉप आणि इंगवल्यांचा प्रबंध. नगर सोडल्यावर सर म्हणाले, ‘गुणी आहे हो इंगवले. पण मोजमापाची शिस्त नाही. छोट्या जागेची मर्यादा असते ती.’ शिस्त! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते. कुणीही यावं, बसावं, प्रश्न विचारावा. इंगवल्यांच्या विद्यापीठातला तो हॉल भरलेला होता. दाराशी रांगोळी, फळ्यावर रंगीत खडूनं नाव, कॉलेजची दोन रांगा पोरं. इंगवले चाळिशीच्या आतबाहेरचे, सावळे, नव्या शर्टाच्या घड्या अजून न मोडलेल्या. पहिल्या रांगेत त्यांची आई. तिला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं, पण पदर सावरून ताठ बसली होती. शेजारच्या खुर्चीवर पेढ्यांचा खोका, दोरीनं बांधलेला.

सर आत आले तशी ती उठली आणि वाकली. ‘साहेब, लेकराकडं बघा जरा.’

‘सगळं उत्तम होईल, आजी,’ सर म्हणाले. मी त्यांच्या मागेच होते. त्या वेळी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अध्यक्ष म्हणून इंगवल्यांचे गाईड, प्राध्यापक गुळवे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि सरांसमोर हात चोळत उभे. इंगवले तासभर बोलले. साधं, ठाम, एकेक आकडा सांगून. मग सरांनी माझ्याकडून लॅपटॉप घेतला.

‘इंगवले, तुम्ही म्हणता दोन दिशांत दुपटीचा फरक. हे बघा. स्फटिक तुमचा, चुंबक आमचा, चौदा टेस्ला. दोन रेषा दिसतात?’

‘एकच दिसू लागलीय, सर.’

पोरं हसली. सरही हसले. ‘कारण त्या एकीवर एक आहेत. मग तुमचा फरक आला कुठून?’

इंगवले पडद्याजवळ गेले. नाक लावून बघावं इतक्या जवळून त्यांनी तो आलेख पाहिला. गुळव्यांनी घड्याळ बघितलं.

‘सर, एक विचारू का? स्फटिक कशानं बसवला होता?’

‘ग्रीसनं. जगभर तसाच बसवतात.’

‘मी दोऱ्यानं बांधत असतो, सर. रेशमाच्या. ग्रीसवरचा माझा दोनदा उठला. ह्याच्यात लोखंड असतंय, त्याला जोर लई लागतो. पहिल्यांदा मलाबी अशाच रेषा आल्या होत्या बगा. एकीवर एक. रात्रभर नाचलो मी! मग दांडी काढून बघितली.’

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि सरांना. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे बदलले.

‘आमच्याकडे नोंदवही असते, इंगवले. मोजणीनंतर स्फटिक सपाट होता अशी लेखी नोंद आहे. आणि नोंद करणारी इथंच बसलीय. वैजयंता, बाळ, सांग यांना.’

काय भरवसा होता हो माझ्यावर! सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आला. चार वर्षांत मी त्यांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं. ही पोरगी हो म्हणेल, ह्याची त्यांना ग्रीसपेक्षा जास्त खात्री होती. मी उठले.

‘सपाट होता ना?’ सरांनी विचारलं.

‘होता नाही, सर. केला.’

‘म्हणजे?’ गुळवे म्हणाले.

‘मी केला. काडीनं दाबून. दांडी बाहेर काढली तेव्हा स्फटिक उठलेला होता, काटकोनात. खासनीस सरांनी पाहिला. ते म्हणाले दाब, मी दाबला. ती नोंद खोटी आहे. अक्षर माझं आहे.’

एवढंच बोलले. पंखा फिरत होता, मागच्या बाकावर कुणाचातरी मोबाइल वाजून बंद झाला. सर मान खाली घालून चष्मा पुसत होते. आता काय होईल? गुळवे उठतील, विचारतील, नोंदवही मागवतील, इंगवल्यांच्या पाठीवर हात ठेवतील. अहो, त्यांचा विद्यार्थी खरा ठरला होता, भर सभेत!

गुळवे खाकरले. ‘अं... हा त्यांच्या विभागाचा अंतर्गत विषय दिसतो. आपण चहा घेऊ या.’

चहा! आणि लोक उठले हो, खरंच उठले. बशीत दोन बिस्किटं घेऊन एकमेकांशी हवापाण्याचं बोलायला लागले. एक बाई माझ्यापाशी येऊन म्हणाली, ‘गाईडबद्दल असं चारचौघांत बोलू नये गं, संस्कार दिसतात त्यात.’ मी म्हटलं, ‘बाई, तुमच्या कपात माशी पडलीय.’ नव्हती पडलेली. पण ती गेली.

परीक्षक आत बसले, दार लावलं. पाऊण तासानं उघडलं आणि गुळव्यांनी कागद वाचला: ‘उमेदवाराचे सादरीकरण समाधानकारक आहे. तथापि, दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांत तफावत असल्यामुळे उमेदवाराने अधिक तीव्र क्षेत्रात फेरमोजणी करून प्रबंध पुन्हा सादर करावा.’ खाली सरांची झोकदार सही.

‘तफावत कसली?’ मी ओरडलेच. ‘एक मोजणी खरी आहे आणि एक खोटी! ह्याला तफावत म्हणतात?’

‘बाहेरच्यांनी बोलू नये,’ गुळवे कागदाकडे बघत म्हणाले.

मोठ्या माणसाचं नाक वाचलं, विद्यापीठाची अब्रू वाचली, गुळव्यांची दोन वर्षं वाचली. एका माणसाचा जून गेला, एवढंच. फेरमोजणीला चुंबक कुठून आणणार होता तो? चौदा टेस्लाचा चुंबक ज्याच्याकडे होता, त्यानंच तर कागदावर सही केली होती.

इंगवले व्हरांड्यात उभे होते. आई शेजारी, हातात तो खोका, दोरी तशीच. ‘काय म्हणाले रे लेकरा? झालास का पास?’

‘अजून थोडं राहिलंय, माय.’

मी पुढे गेले. मला वाटलं, ते माझे आभार मानतील. खोटं कशाला बोलू, मनातून तीच अपेक्षा होती. मी एवढं मोठं काम केलं होतं, माझं करिअर पणाला लावलं होतं.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘उठलेला कधी दिसला तुम्हाला?’

‘गेल्या बुधवारी.’

‘आठ दिवस झाले म्हणा की.’ ते म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. ‘डबीवर नंबर होता माझा. तेव्हाच एक फोन केला असता, तर मी माझ्या उठलेल्या स्फटिकाचे फोटो घेऊन आलो असतो. दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी मांडल्या असत्या. मग कुणाला चहा प्यायला जाता आलं नसतं. आज तुम्ही बोलला ते खरं होतं, पण त्यांनी त्याचं भांडण करून टाकलं. कागद असता तर भांडण झालं नसतं.’

म्हातारीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘लांबून आलीस गं, जेवून जा.’ त्या आमंत्रणापेक्षा तिनं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर ते सोपं गेलं असतं.

परतीच्या गाडीत सरांनी निम्म्या वाटेपर्यंत फोनवर कामं उरकली. मग म्हणाले, ‘दुसरा गाईड बघ तू.’ आवाज तेव्हाही चढला नव्हता. मी दुसरा बघितला, दुसऱ्या गावी. पीएचडीला आणखी साडेतीन वर्षं लागली. त्याचं मला काही वाटत नाही, ती माझ्या हातानं केलेल्या कामाची मजुरी होती. पण सरांना काय झालं? त्यांनी ती मोजणी गुपचूप मागे घेतली, परिषदेत दुसऱ्याच विषयावर बोलले, पुढे विभागप्रमुख झाले. पाण्यात काठी मारल्यासारखं सगळं परत एक झालं.

इंगवल्यांची ती कायम जागा जूनमध्ये दुसऱ्याला गेली. पदवी त्यांना मिळाली, दोन वर्षांनी, कुठूनतरी चुंबक मिळवून प्रबंधामागे फेरमोजणीचं परिशिष्ट जोडल्यावर. नंतर जागा निघालीच नाही.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. मी स्वतः शिकवते, माझी छोटी प्रयोगशाळा आहे. प्रत्येक स्फटिक रेशमाच्या दोऱ्यानं बांधते आणि पोरं माझी चेष्टा करतात. हे सगळं मी कधी लिहिलं नसतं. पण गेल्या महिन्यात श्रीरंगचा फोन आला. तो सरांकडे माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला विद्यार्थी.

‘ताई, सरांना सत्तर पूर्ण होतायत. गौरवग्रंथ काढतोय आम्ही. तुमची एक आठवण हवीच. आठशे शब्द आणि एखादा फोटो.’

‘माझी आठवण छापण्यासारखी नाही, श्रीरंग.’

‘अहो, जुनं जाऊ द्या ना आता! आणि एक सांगू? शेवटी सरच बरोबर निघाले की. आपल्या त्याच जातीच्या स्फटिकावर बाहेरदेशी प्रचंड क्षेत्रात मोजलंय. खोल थंडीत दोन्ही दिशा जवळजवळ सारख्या होतात. सर तेव्हाच म्हणत होते! ग्रंथाचं नाव आम्ही “द्रष्टा” ठेवतोय.’

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ते मोजमाप मला ठाऊक होतं, खरंच होतं ते. खोल थंडीत, अतितीव्र क्षेत्रात दोन्ही रेषा जवळ येतात. पण म्हणून हे बरोबर? कावळा बसायला आणि फांदी तुटायला! आडव्याचा उभा झालेला स्फटिक दाबून दाखवलेली रेषा, आणि म्हणे द्रष्टा! मी फोन आपटला आणि इतक्या वर्षांनी तो दुसरा नंबर लावला. तो मला पाठ होता. डबी अजून माझ्या कपाटात आहे.

इंगवले आता पन्नाशी ओलांडलेले. आई चार वर्षांपूर्वी गेली. ते अजून त्याच कॉलेजात आहेत, तासिका तत्त्वावर. मी रागारागानं सगळं सांगितलं.

‘मॅडम, ते खोल थंडीत एक होतात ते मला माहीत होतं. म्हणजे वाटत होतं. प्रबंधात लिहिलंय की.’

‘कुठे?’

‘शेवटचं प्रकरण. पान एकशे अठरा. पहिल्याच प्रतीत होतं, सरांकडं गेलेल्या. कुणी तिथवर आलं नसंल वाचत.’

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. सहा तास एसटीनं. प्रबंध काढून दिला तेव्हा त्यावर बोटभर धूळ होती. पान एकशे अठरा, खालून दुसरा परिच्छेद, इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असा:

‘आठ टेस्लापर्यंत दोन्ही दिशांत स्पष्ट फरक आहे. मात्र दोन्ही रेषा एकमेकींकडे किंचित वळताना दिसतात. याहून खोल थंडीत आणि तीव्र क्षेत्रात त्या एकत्र येत असाव्यात. परंतु मी तिथवर पाहिलेलं नाही, म्हणून तसं म्हणत नाही.’

मी ते उभ्यानंच वाचलं, मग खाली बसून परत वाचलं. हेच पान त्या दिवशी सरांच्या बॅगेत होतं. मी वाहिलेल्या बॅगेत.

मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि श्रीरंगला पाठवला. खाली लिहिलं, ‘ही माझी सरांबद्दलची आठवण. आठशे शब्दांची गरज नाही. नाव नागनाथ इंगवले.’

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. त्यानं वाचलंच नव्हतं बहुतेक, किंवा वाचून न वाचल्यासारखं केलं होतं.

‘ताई, फोटोत पान एका बाजूनं उठलंय, सावली पडतेय. जरा दाबून सपाट करून परत काढता का?’

‘नाही,’ मी लिहिलं. ‘जसं आहे तसं छापा.’